उत्तरेकडे तोंड

आमंत्रण माझ्या नावाचं होतं.
अकरा आठवडे वाट पाहून मिळालेला एक सांकेतिक शब्द,
खाली बारीक अक्षरांत:
अजून कच्चं आहे, बिघडलं तर कळवा.

कच्ची गोष्ट तपासायला बाबांइतका योग्य माणूस
अख्ख्या तालिनमध्ये मला ठाऊक नाही.
म्हणून शनिवारी लॅपटॉप काखोटीला मारून
मुस्तामॅएच्या पाचव्या मजल्यावर गेले.
लिफ्ट तिथे कधीच नव्हती.

"टीव्ही आणलाय."
बाबांनी लॅपटॉप उलटा करून पाहिला.
"अँटेना?"
"लागत नाही."
"मग येतं कुठून?"
"इंटरनेटवरून."
"ते कळलं. कोणत्या दिशेनं?"

मी हसले. ते हसले नाहीत.
दिशा हा त्यांच्या आयुष्यात
गमतीचा विषय कधीच नव्हता.

समुद्रापलीकडे, ऐंशी किलोमीटरवर, हेलसिंकी.
त्या वर्षांत इथल्या सगळ्या गच्च्या
उत्तरेकडे मान वळवून उभ्या असायच्या,
आणि निम्म्या माना एंडेलनं, म्हणजे बाबांनी, वळवलेल्या.
चित्र नळ्यांमधून उतरायचं;
आवाजाला वेगळा खोका लागायचा,
त्याच्या पोटात काय आहे ते आईलासुद्धा माहीत नव्हतं.
माझ्या तोंडी पहिली फिनिश वाक्यं बसली
ती साबणाच्या जाहिरातींची.

वर्तुळ फिरायला लागलं.
एकोणीस टक्के. तेवीस.
तेवीस.
सूप निवलं. तेवीस.
"घोडं कुठे पेंड खातंय बघू," म्हणत बाबा उठले,
लॅपटॉप उचलला, तार ताणली,
खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला
आणि अगदी हलक्या हातानं, तिजोरीचं कुलूप फिरवावं तसा,
त्याची पाठ उत्तरेकडे केली.
अठ्ठावीस. एकतीस. सत्तर.

योगायोग, मी म्हणाले.
ते काहीच म्हणाले नाहीत.
जिंकल्यावर ते असेच गप्प बसतात.

मग कॅनडातल्या कुठल्याशा गोठलेल्या तळ्यावर
एक माणूस, चौकोनाचौकोनांचा,
बर्फाला भोक पाडून गळ टाकून बसलेला.
मासा वर येणार इतक्यात चित्र थिजलं.
मी चुळबुळले. बाबा पाहत राहिले
त्या अर्धवट माशाकडे, खऱ्या कोळ्याच्या सबुरीनं.

वेळ काढायला मी समजावत गेले:
पाठवणारं असं एक ठिकाण नाही, बाबा.
जो पाहतो त्याच्याकडून तुकडे पुढे जातात.
आत्ता तुमच्याकडूनही जातायत कुणालातरी.
"कुणाला?"
कोण जाणे. असेल कुणी लिस्बनचा.
"त्याला माहीत आहे?"
नाही.

मासा सुटून वर आला. बाबांनी पाहिला नाही.
म्हणाले, "तिसऱ्या मजल्यावरची सालमे.
तिचा नवरा पक्षात, गच्चीवर नळी लावायची सोय नाही.
त्र्याऐंशी साली पाइपाच्या पोकळीतून
आपली एक तार मी तिच्या भिंतीत सोडली.
तिला वाटायचं, आपला सेट फार चांगला."

"आणि तिचा नवरा?"
"तो हॉकी बघायचा."

दहाला मी झाकण मिटायला गेले.
"राहू दे."
"वीज जळेल रात्रभर."
"मिटलंस तर त्या लिस्बनवाल्याचा मासा अडकेल."

लॅपटॉप तिथेच ठेवून रिकाम्या हातांनी उतरले.
तिसऱ्या मजल्यावर आता भलतीच पाटी आहे.

सोमवारी कळवलं:
चित्र तेवीस टक्क्यांवर अडतं.
उपाय सापडला आहे.
उपाय लिहिला, खोडला, परत लिहिला.

उत्तर आलं तिसऱ्या दिवशी:
आभारी आहोत, पाहतो आहोत.
कोणत्या दिशेनं, ते लिहिलं नव्हतं.